खुणेनं सांगा, पण मराठी नको

एका मुलीला डाव्या कानानं कमी ऐकू येतं. ती आता सहा वर्षांची आहे. कान कशानं बिघडला ते डॉक्टरांच्या कागदावर लिहिलेलं आहे आणि त्यात माझा उल्लेख नाही. तसा तो असणारही नाही. पण कान बिघडत होता ते तीन-चार महिने ती रोज माझ्यासमोर बसत होती, आणि तिनं ते कुणाला सांगू नये अशी सगळी व्यवस्था मी करून ठेवली होती. हेतू चांगला होता. हे वाक्य मी स्वतःला इतक्या वेळा ऐकवलं आहे की आता त्यात काही चव राहिलेली नाही.

मी कोल्हापुरातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिशुवर्गाला इंग्रजी शिकवतो. वय पन्नाशीच्या पुढं. शिशुवर्गाला पुरुष शिक्षक सहसा नसतो. आधी मी सातवी-आठवीला होतो. एक बाई मध्येच सोडून गेल्या आणि मुख्याध्यापिका मॅडमनी मला खाली पाठवलं, ते तिथंच राहिलो. सहकारी बायका मला 'आजोबा सर' म्हणतात. चार वर्षांच्या पोरांसमोर उभं राहून बेडकासारख्या उड्या मारताना सुरुवातीला लाज वाटायची. पुढं ते काम मला मनापासून आवडायला लागलं. ज्या मुलाच्या तोंडात कालपर्यंत इंग्रजीचा एक शब्द नव्हता, त्यानं आज खिडकीकडं बोट करून 'बर्ड' म्हणावं, याच्यासारखा आनंद मला दुसरा कशात मिळालेला नाही.

माझं स्वतःचं गाव गडहिंग्लजच्या पलीकडं, जिथं मराठी आणि कन्नड एकाच ओसरीवर बसतात. आम्हाला इंग्रजी पाचवीत सुरू झालं. बाराखडीसारखं पाठ केलं, मार्क पडले. कॉलेजला कोल्हापुरात आलो. पहिल्याच आठवड्यात प्राध्यापकांनी मला उठवून इंग्रजीतून विचारलं, कुठून आलास म्हणून. प्रश्न कळला होता. उत्तर तर माझंच होतं. पण तोंड उघडेना. मी तसाच उभा. मागून कुणीतरी म्हणालं, "मुकं हाय वाटतं पावणं." अख्खा वर्ग हसला.

ते हसणं पुढं माझ्या सगळ्या शिकवण्याच्या मुळाशी जाऊन बसलं. माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही पोरावर अशी वेळ येऊ द्यायची नाही, हा माझा हट्ट. हट्टाला मी ध्येय म्हणायचो.

पुण्याला एकदा पाच दिवसांचं प्रशिक्षण झालं. तिथून मी दोन गोष्टी घेऊन आलो. पहिली म्हणजे मुलाच्या भोवती नवी भाषा सतत असली पाहिजे. दुसरी अशी, की नवी भाषा कानावर पडायला लागल्यावर बरीच मुलं काही दिवस, काही महिने गप्प होतात. त्याला मौनकाळ म्हणतात, घाबरायचं नाही. आत भाषा साठत असते, एक दिवस ती आपोआप बाहेर येते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. शिकवणाऱ्या बाईंनी त्याबरोबर आणखीही पुष्कळ सांगितलं असणार. मुलाची घरची भाषा जपा, गप्प मूल आणि आजारी मूल यांत फरक करायला शिका, असं काहीतरी. माझ्या वहीत ते नाही. मी मला हवं तेवढंच लिहून घेतलं.

परत आल्यावर मी एक कागद तयार केला. घरी बोलायची तीस इंग्रजी वाक्यं, देवनागरीत लिहिलेली, पुढं अर्थ. 'कम हिअर. सिट डाउन. वॉश युवर हँड्स. फिनिश युवर मिल्क.' झेरॉक्स काढल्या आणि जूनच्या पालकसभेत वाटल्या. फ्रिजवर किंवा कपाटाला चिकटवा म्हणालो. आजपासून घरात मुलांशी मराठी बंद.

पालक मुलांच्या बाकांवर गुडघे वर करून बसले होते. एक बाप म्हणाला, "सर, म्हशीला बी इंग्लिशमधनंच हाक मारायची काय? ती पण घरातलीच हाय."

"मारा की," मी म्हणालो. "पोराच्या आधी तीच शिकायची."

सगळे हसले. सभा रंगली म्हणायची. शेवटच्या बाकावर एक आई होती, ती हसली नाही. कागदावरून बोट फिरवत ती वाचत होती. एसटी स्टँडजवळच्या एका खानावळीत ती भाकऱ्या करायला जायची, नवरा दुधाचा टेम्पो चालवायचा. शिक्षण सातवी. तिनं हात वर केला, शाळेत करतात तसा.

"ओ सर, ह्यात न्हाई ते कसं बोलायचं?"

"नसेल ते खुणेनं सांगा," मी म्हणालो. "पण मराठी नको. दोन वर्षं कळ काढा ताई, पोरगी फाडफाड इंग्लिश बोलंल."

"व्हय," ती म्हणाली. मग सासूसाठी म्हणून आणखी एक कागद मागून घेतला.

बाकीच्या पालकांनी काय केलं ते मला पुढं कळलं. कागद चिकटवला, दोन दिवस 'कम हिअर' केलं, तिसऱ्या दिवशी पोरांना मराठीत शिव्या घालायला लागले. ज्यांनी माझं ऐकलं नाही त्यांची पोरं सुखरूप राहिली. त्या एका आईनं ऐकलं, कारण सर सांगतात म्हणजे ते खरंच असणार असं तिला वाटलं.

मुलगी जूनमध्ये बडबडी होती. पहिल्या आठवड्यात वर्गात शिरता शिरता मोठ्यानं म्हणाली, "ओ सर, माझ्या आज्जीची म्हस व्याली! रेडा न्हाय, रेडी झाल्या!" मी ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणालो, "इंग्लिश." ती माझ्याकडं बघत राहिली. म्हैस व्याल्याचं इंग्रजीत सांगायला माझीच तारांबळ उडाली असती. रोज सकाळी ती काहीतरी घेऊन यायची आणि रोज मी ओठांवर बोट ठेवायचो. गणपतीपर्यंत तिचं आणणं बंद झालं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती अगदीच गप्प झाली. उभं राहा, बसा, हात वर, असा खेळ घेतला की इतर पोरांकडं बघून एक क्षण उशिरा उभी राहायची. हाक मारली तर कधी बघायची, कधी नाही. पुष्कळदा डावा गाल बाकावर टेकून पडायची. मी माझ्या निरीक्षणाच्या वहीत लिहिलं, 'मौनकाळ. प्रगती समाधानकारक.'

एक दिवस शाळा सुटताना तिची आई फाटकाशी थांबली होती.

"सर, ती काय बोलंनाच झाल्या."

"वर्गातही गप्पच असते. चांगलं लक्षण आहे ताई ते. आत भाषा साठतीय."

"घरात पण गप बसत्या वो. नुसतं बघत ऱ्हात्या."

"घरात तुम्ही मराठी बोलत नाही ना?"

"न्हाई. कागदावरचं तेवढंच बोलतो. आपल्याला दुसरं येतंय कुठं?" आमच्या कोल्हापूरकडच्या बायका स्वतःविषयी असंच पुरुषासारखं बोलतात, मी येतो, मी जातो. "सासूबाई बोलायच्या, तर त्यांस्नी बी गप केलो. रुसून गावाकडं गेल्यात."

"मग बरोबर चाललंय," मी म्हणालो. "एक दिवस सगळं एकदम बाहेर येईल बघा."

तिचा चेहरा उजळला. मला तो तसाच्या तसा आठवतो. पोरगी आजारी पडत होती आणि मी तिच्या आईला आनंद वाटून देत होतो.

डिसेंबरात मला त्या मुलीजवळ उभं राहिलं की वास यायला लागला. आंबूस, केसांतून आल्यासारखा. मी चौकशी केली नाही. आईला बोलावलं नाही. डायरीत इंग्रजीत एक ओळ लिहिली, की मुलीचे केस कृपया रोज धुवावेत. आईला ती वाचता येणार नाही हे मला माहीत होतं. पण डायरी इंग्रजीतच लिहायची हा शाळेचा नियम, आणि नियम पाळण्यात मी कधी कुणाला हार गेलो नाही. दुसऱ्या दिवसापासून मुलगी ओल्या केसांच्या घट्ट वेण्या घालून येऊ लागली. वास काही गेला नाही.

संक्रांत होऊन गेली आणि स्नेहसंमेलनाची तालीम सुरू झाली. फुलपाखरांचं गाणं होतं. ती सारखी चुकीच्या बाजूला वळत होती. मी तिच्या डाव्या अंगाला, थोडा मागं उभा होतो. तीन हाका मारल्या. ती हललीसुद्धा नाही. मी चिडलो. पुढं होऊन तिचे खांदे धरले आणि तिला गर्रकन फिरवलं. ती घाबरून भिंतीला जाऊन चिकटली.

पोरांना बाथरूमला नेणाऱ्या मावशी दारात होत्या. त्या आत आल्या.

"वरडू नका तिला. कान फुटलाय तिचा."

"काय?"

"कान, कान! डावा. पू येतोय त्यातनं. तुम्हाला वास येत न्हाई व्हय?"

मी भिंतीला चिकटलेल्या त्या मुलीकडं वळलो.

"कवाचं सांगत्या मला ती. मावशी, कानात बुडबुडं वाजत्यात म्हणून. मी म्हटलं, आईला सांग की बाळा. तर म्हणत्या, आई बोलत न्हाई."

शाळेत मराठी फक्त बाथरूममध्ये चालायची, कारण मावशींना दुसरी भाषा येत नव्हती. ती मुलगी तिथंच जाऊन बोलत होती.

मी लगेच तिच्या आईला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी दवाखान्यात भेटायचं ठरलं. मी रजा टाकून गेलो. कान-नाक-घशाच्या ओपीडीबाहेर दोन तास बसलो. आईनं मुलीला मांडीवर घेतलं होतं आणि दोघी गप्प होत्या. एकदा आईनं तिला पाण्याची बाटली दाखवून भुवया उंचावल्या. मुलीनं मान हलवली. आईनं बाटली परत पिशवीत ठेवली. दोघींनी असं दिवसभर चालवायची चांगली सवय करून घेतली होती. मी शेजारच्या बाकड्यावर बसून ते बघत होतो.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं दुर्बिणीतून कानात बघितलं, कापसानं साफ केलं, पुन्हा बघितलं.

"किती दिवस वाहतोय हा?"

आई म्हणाली, "ठाऊक न्हाई."

"हा आज-कालचा नाही. महिने झालेत. पडद्याला मोठं भोक आहे. घरात कुणाला कळलं नाही? आणि पाणी कसं काय जातंय आत?"

"रोज डोक्यावरनं आंघोळ घालतो."

"रोज? थंडीचं? कुणी सांगितलं तुम्हाला?"

आईनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"आई ना तुम्ही तिची?" डॉक्टर म्हणाली. "कान ठणकत असणार कधीतरी, एवढंसं पोर रडलं असणार. विचारायचं नाही का काय होतंय म्हणून?"

बोलायची वेळ ती होती. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. डॉक्टर, यांची चूक नाही, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. प्रश्न कळला होता आणि उत्तर माझंच होतं. मी तोंड उघडलं नाही.

डॉक्टरचं लक्ष माझ्याकडं गेलं. "हे कोण?"

"तिचं सर," आई म्हणाली. "लई चांगलं हायत. सकाळधरनं आमच्यासंगं थांबल्यात."

औषधं दिली. पाणी बंद, कानात कापूस. ऐकण्याची तपासणी झाली, त्यात डावीकडं बरंच कमी निघालं. डॉक्टर म्हणाली, कान आधी कोरडा होऊ दे, पडद्याचं ऑपरेशन थोडी मोठी झाल्यावर. या वयात ऐकू कमी आलं की बोलणं मागं पडतं, लक्ष ठेवा. मी सगळं वहीत लिहून घेतलं.

शाळेत मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही काय कानाचे डॉक्टर आहात? कशाला मनाला लावून घेता?" ते ऐकून मला बरं वाटलं. तीन आठवडे मी त्या बरं वाटण्याच्या आडोशाला राहिलो. रोज मुलगी कानात कापूस घालून समोर बसायची. कागदाचं मी कुणाशी काही बोललो नाही. घरी बायकोलाही दवाखान्यात गेलो होतो एवढंच सांगितलं.

मग एका शनिवारी दुपारी, खानावळीतली गर्दी ओसरल्यावर, मी तिथं गेलो. ती मागच्या बाजूला चुलीपुढं होती. मला बघून उठायला लागली.

"या की सर. जेवलासा काय?"

"बसा. मला जरा बोलायचंय."

मी सगळं सांगितलं. तो कागद मी माझ्या मनानं केला होता, कुठल्या पुस्तकात तसा नियम नाही. पोरगी गप्प झाली तेव्हा मला शंका यायला हवी होती. चांगलं लक्षण आहे हे मी न बघता बोललो. केसांचं लिहिलं तेव्हा वास कुठून येतो ते बघितलं नाही. आणि डॉक्टर तुम्हाला बोलत होती तेव्हा मी शेजारी उभा राहून ऐकत राहिलो. बोलताना मी तिच्याकडं बघू शकत नव्हतो. तिचे हात मात्र दिसत होते. ते थांबले नाहीत. तिनं एक भाकरी थापली, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"डायरीतलं मी हितल्या खानावळीच्या मालकाकडनं वाचून घेतलंतं," ती म्हणाली. "ते मोठ्यानं वाचून हसलं. म्हटलं, आपलीच चूक. दुसऱ्याच्या भाकऱ्या करायच्या आणि आपल्या पोरीचं डोस्कं घाण. तवापास्नं रोज पाणी ओतलो. ती रडायची. मी म्हणायचो, डोन्ट क्राय." तिनं भाकरी उलटली. "तुमच्या कागदावर हुतं ते. काय दुखतंय, हे न्हवतं."

मी म्हणालो, "नव्हतं."

"एकदा तोंडातनं मराठी आलंतं. काय झालं गं म्हणून. तर तिनंच माझ्या तोंडावर हात ठेवला."

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा चार शब्द सुनावेल. दोन्हीची तयारी करून मी गेलो होतो. खरं सांगायचं तर तिनं सुनवावं म्हणूनच गेलो होतो. ते तिनं मला दिलं नाही. भाकरी टोपलीत टाकून तिनं विचारलं,

"मग आता बोलू की नको?"

एवढं ऐकल्यावरही ती स्वतःच्या मुलीशी बोलायला माझी परवानगी मागत होती.

"बोला ताई. जे येईल ते बोला. सासूबाईंनाही बोलवून घ्या."

"आणि इंग्लिश? ते मागं पडलं म्हंजे?" तिचा आवाज तिथं पहिल्यांदा चढला. "मला भाकऱ्या थापायला न्हाई लावायच्या तिला. म्हणून तर सगळं केलो की मी!"

"इंग्रजी शिकवणं माझं काम आहे," मी म्हणालो. "ते मी तुमच्यावर ढकललं. तुम्ही तिची आई व्हा, मास्तर मी होईन."

"बघा बाबा," ती म्हणाली. त्यात विश्वास किती होता मला कळलं नाही. निघताना तिनं मला चहा दिला. तो मी कसाबसा प्यायलो.

पुढच्या जूनच्या पालकसभेत मी कागद वाटला नाही. उठून सांगितलं, की घरात मुलांशी तुमच्या भाषेत बोला, भरपूर बोला, भांडा, गोष्टी सांगा. मॅडम कोपऱ्यात बसल्या होत्या, त्यांचा चेहरा ताठ झाला. धाकट्या मुलासाठी आलेला एक बाप, आदल्या वर्षी म्हशीचा विनोद केलेला तोच, म्हणाला, "सर, मागल्या वर्षी तर उलटं सांगत हुतासा."

"हो."

"मग तवा चुकला हुतासा म्हणा की."

"चुकलो होतो."

"आमचं वरीस गेलं की वो फुकट!" तो म्हणाला आणि दोघं-तिघं हसले.

मुलगी आता पुढच्या वर्गात होती, पण तिथंही इंग्रजीला मीच, म्हणून तिची आई सभेला आली होती. ती उठून उभी राहिली.

"तुमचं वरीसच गेलं," ती त्या बापाला म्हणाली. "माझ्या पोरीचा कान गेला. हसताय कशाला? बोला पोरांसंगं."

ती खाली बसली. मॅडमनी सभा आवरती घेतली. नंतर त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून जे सांगायचं ते सांगितलं. मी ऐकून घेतलं.

कान उन्हाळ्यात कोरडा झाला होता, पावसाळ्यात पुन्हा एकदा वाहिला, आता कोरडा आहे. ऑपरेशन पुढच्या वर्षी. पडदा धरेल असं डॉक्टर म्हणतात, पण ऐकू पूर्वीइतकं येईल याची खात्री देत नाहीत. मुलगी घरी खूप बोलते असं आई सांगते. वर्गात मी तिला पहिल्या बाकावर डाव्या टोकाला बसवतो, म्हणजे तिचा चांगला कान सगळ्यांकडं राहतो. तिच्या अजून पुष्कळ गोष्टी हुकतात. मला आता मौनकाळ वगैरे काही लिहिता येत नाही. कोण गप्प आहे ते बघून मी मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ जाऊन बसतो आणि मराठीत विचारतो, काय रे, काय झालं.

मागच्या महिन्यात मी फळांची नावं घेत होतो. तिनं हात वर केला. मला वाटलं बाथरूमला जायचं असेल. ती म्हणाली, "सर, अगेन." तिला ऐकू गेलं नव्हतं. कुणी न सांगता, माझ्याशी आपणहून बोललेला तिचा तो पहिला इंग्रजी शब्द. वर्गातली पोरं माझ्याकडं बघत होती, मी शाबास म्हणेन म्हणून. माझ्यानं म्हणवलं नाही. मी तिच्या बाकापाशी गेलो, उजव्या बाजूला खाली बसलो आणि पहिल्या फळापासून पुन्हा सुरुवात केली.